वकिलाविना दावा लढणारा पक्षकार आणि दाव्याचा खर्च : १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याच्या संदर्भात

प्रस्तावना
हरलेल्या पक्षाने जिंकलेल्या पक्षाचा खर्च द्यावा, हे दिवाणी न्यायातील रूढ तत्त्व आहे. वरकरणी ते उभय पक्षांना समान लेखते. परंतु एका बाजूस वकील आणि दुसऱ्या बाजूस स्वतः पक्षकार उभा असेल, तर ही समानता टिकत नाही. असा पक्षकार हरल्यास प्रतिपक्षाच्या वकिलाची फी त्याच्यावर पडते. जिंकल्यास मात्र वकील-फीच्या सदरात त्याच्या पदरी काहीच पडत नाही. या विषमतेचा विचार १८७९ च्या ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’च्या आधारे करता येतो.

पार्श्वभूमी
१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला व त्याचे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. त्यानंतर नेमलेल्या आयोगास असे आढळले की, कर्जाचे बहुसंख्य दावे एकतर्फी निकाली निघत होते. न्यायालय दूर, कामाचा दिवस बुडणार आणि कागदपत्रे सावकाराच्या हाती. त्यामुळे ऋणको हजरच होत नसे. मूळ रक्कम, व्याज व दाव्याचा खर्च असा तिहेरी बोजा हुकूमनाम्याने त्याच्यावर बसे.

कायद्यातील उपाय
पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना हा कायदा लागू झाला. करमाळा तालुक्यातील जेऊरसारख्या गावचा शेतकरी त्याच्या कक्षेत आला तो यामुळेच. प्रतिवादीस बोलावून त्याची तपासणी करणे आणि कर्जव्यवहाराचा मुळापासून शोध घेणे, ही जबाबदारी न्यायाधीशावर आली. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत, न्यायाधीशाने लेखी कारणे देऊन परवानगी दिल्याखेरीज, वकिलांना मज्जाव करण्यात आला (कलम ६८). जेथे वकील नाही, तेथे त्याची फी खर्चाच्या तक्त्यात येण्याचा प्रश्नच उरला नाही. शेतकऱ्याच्या विरुद्ध बाजूस वकील असल्यास सरकारी वकिलास शेतकऱ्याच्या वतीने उभे करण्याचा अधिकारही न्यायाधीशास मिळाला (कलम ६९). न्या. महादेव गोविंद रानडे १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते.

तथापि या संरक्षणास मर्यादा होत्या. शंभर रुपयांवरील दाव्यांत वकिलांवर बंदी नव्हती आणि कलम ६९ चा लाभ न्यायाधीशाच्या विवेकावर अवलंबून होता.

उत्तरकाळ
१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ ने खर्चाबाबत न्यायालयास व्यापक अधिकार दिले. हरलेल्या पक्षावर खर्च न बसविल्यास लेखी कारणे देणे मात्र आवश्यक ठरविले. इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्याने स्वतः दावा चालविणाऱ्या यशस्वी पक्षकारास त्याच्या श्रमाचा व वेळेचा मोबदला मिळू लागला. भारतात ‘सालेम ॲडव्होकेट बार असोसिएशन’ खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष व वाजवी खर्च देण्याचा आग्रह धरला आणि त्यात जिंकलेल्या पक्षाचा वेळ व प्रवास यांचाही समावेश केला.

समारोप
या भूमिकेने जिंकलेल्या पक्षकाराच्या बुडालेल्या दिवसाला मोल आले. पण हरणाऱ्यावरील भारही त्याच प्रमाणात वाढतो. १८७९ च्या कायद्याने खर्च वसुलीच्या टप्प्यावर नव्हे, तर तो निर्माण होतो त्या टप्प्यावरच रोखण्याचा प्रयत्न केला. वकील देण्याची ऐपत नसलेला पक्षकार हरतो, तेव्हा कलम ३५ मधील ‘लेखी कारणे’ ही तरतूद न्यायाधीशास तोच विवेक वापरण्याची वाट मोकळी ठेवते. दख्खनच्या अनुभवाचे आजचे महत्त्व यातच आहे.