जुना प्लेअर, नवी सीडी

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा ‘सीडीपी-१०१’ जपानच्या दुकानांत आला. किंमत १,६८,००० येन. आपल्या गावात तेव्हा कॅसेटचं राज्य होतं. पुढे दुरुस्तीच्या धंद्यामुळे माझ्या टेबलावर बरेच सीडी प्लेअर उघडले गेले, म्हणून संपादकांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला.

सीडीचे नियम सोनी आणि फिलिप्सनं मिळून ठरवले : १२ सेंटिमीटरची तबकडी, आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं. नियम एक, पण पहिल्या यंत्रांची पोटं वेगळी. फिलिप्सकडे तयार होता १४ बिटांचा कन्व्हर्टर, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग. सोनी १६ वर अडून बसली. मग फिलिप्सच्या मंडळींनी मधली मोजमापं गणितानं काढून वेग चौपट, १,७६,४०० केला आणि चौदात सोळाचं काम भागवलं! सोनीकडे १६ बिट होते, पण डाव्या-उजव्या आवाजाला मिळून एकच कन्व्हर्टर. तो आळीपाळीनं दोघांना पुरवायचा, त्यामुळे एक बाजू सेकंदाच्या सुमारे ११ दशलक्षांश इतकी मागे राहायची. माझ्या कानाला ते कधी कळलं नाही. शौकिनांनी त्यावर रात्री जागवल्या. वेग वाढवायची फिलिप्सची युक्तीच पुढे सगळ्यांनी उचलली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एक-बिट कन्व्हर्टर आले आणि प्लेअर स्वस्त होत गेले.

मला विचाराल तर आवाजापेक्षा मोठा फरक तबकडी वाचणाऱ्या भागात आहे. फिलिप्सच्या जुन्या प्लेअरमध्ये धातूचा ओतीव सांगाडा, काचेचं भिंग आणि ग्रामोफोनसारखा कमानीत फिरणारा हात असे. स्क्रू फिरवून तो जुळवता यायचा. नंतर प्लास्टिकचं भिंग आणि लहान मोटरवर सरकणारी गाडी आली. बिघडलं की अख्खा भाग बदला. मजबुतीत जुनं ते जुनंच, यात मला शंका नाही.

पण वाचण्यात नवं हुशार. कारखान्यात छापलेल्या सीडीवर ॲल्युमिनियमचा थर असतो. तिच्यावरून लेझरचा निदान ७० टक्के प्रकाश परत येतो. जुना प्लेअर तेवढ्याच चकाकीला जुळवलेला. घरी लिहिलेल्या सीडी-आरमध्ये रंगाचा थर असतो, ती जरा मंद. तरी बरेच जुने प्लेअर ती वाचतात. पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू मात्र जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश परत देते. तिथे जुना प्लेअर ‘डिस्क नाही’ म्हणून मोकळा. नंतरचे प्लेअर मंद संकेत स्वतःच वाढवून घेतात.

मागच्या मेळाव्यात वाटलेली आपल्या गुरुजनांच्या भाषणांची सीडी काहींकडे वाजते, काहींकडे नाही, त्याचं हेच कारण. काही प्रती सीडी-आरडब्ल्यूवर आहेत. काहींत एमपीथ्रीच्या फायली आहेत, आणि १९९० च्या प्लेअरला ती भाषाच ठाऊक नाही. तो सरळ आकड्यांची रांग मागतो. तबकडी खराब झाली असं समजून ती टाकून देऊ नका. त्यातल्या दोन आवाजांचे धनी आज आपल्यात नाहीत.

मात्र फार थांबूही नका. सीडी-आरचा रंग उन्हानं आणि उष्णतेनं उतरतो; कोकणातल्या दमट कपाटात तर माझा भरवसाच नाही. मेळाव्याला येताना आपली प्रत पिशवीत टाका, वाजत नसली तरी. जेवणाच्या हॉलच्या दाराजवळ मी संगणक घेऊन बसेन. एका प्रतीत अडखळलेलं वाक्य दुसरीत नीट सापडू शकतं, तेव्हा जितक्या प्रती येतील तितकं बरं.