श्रीलंकेची धम्मयात्रा : ईटीए कसे काढावे?

1950 साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते. आज अनुराधपूरचा बोधिवृक्ष किंवा कॅंडीचे दंतधातू विहार पाहण्यासाठी भारतीयांना दूतावासात खेटे घालावे लागत नाहीत. ईटीए ही प्रवासापूर्वीची परवानगी ऑनलाइन मिळते. पर्यटनासाठी 30 दिवस राहता येते. नोकरी करता येत नाही.

अर्ज : श्रीलंका सरकारच्या ईटीए डॉट जीओव्ही डॉट एलके या संकेतस्थळावरच करा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जादा पैसे उकळतात. शुल्क आणि सवलती बदलतात, म्हणून त्याच दिवशी तपासा.

लागणारे : किमान सहा महिने मुदतीचा पासपोर्ट, परतीचे तिकीट, खर्चापुरते पैसे. नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. ईटीए मिळाले तरी अंतिम निर्णय विमानतळावरील अधिकाऱ्याचा असतो.

विशेष सूचना : अंगावर बुद्धाचा टॅटू असल्यास झाकून ठेवा. 2014 मध्ये अशा टॅटूमुळे एका ब्रिटिश पर्यटक महिलेला परत पाठवले होते. मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका.

नेपाळमधील लुंबिनीसाठी भारतीयांना व्हिसाच लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते.