जखमेवरचा फेस

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकले की पांढरा फेस येतो, हे आपण पाहिलेच असेल. हा फेस ऑक्सिजनचा. पण तो बाटलीत येत नाही, जखमेवरच का येतो, असे कधी मनात आले आहे का?

हे द्रव्य पॅरिसच्या तेनारने १८१८ साली शोधून काढले. त्यात चांदीची पूड टाकली की ते उसळून येई. चांदी मात्र होती तशीच! पुढे त्याला आढळले की रक्तातले फायब्रिनही हेच करते. आता धातूचे आणि रक्ताचे काम एकच कसे? सजीवांचे रसायन निराळे, त्यामागे 'जीवनशक्ती' असते, असे त्या काळी भलेभले मानीत.

स्टार्चचीही तीच कथा. सेंट पीटर्सबर्गला किर्खोफने १८११ साली स्टार्च पाण्यात थोडे गंधकाम्ल घालून उकळले. त्याची साखर झाली, आम्ल काही खर्ची पडले नाही. १८३३ साली पायाँ आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या जवातून 'डायास्टेज' काढले. तेही स्टार्चची साखर करी, आणि तीसुद्धा न उकळता. आम्लातला खरा कर्ता हायड्रोजनचा आयन, हे कळायला मात्र पुढे पन्नासएक वर्षे लागली.

१८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियसने चांदी, आम्ल, डायास्टेज या सर्वांना एकाच पंगतीत बसवले आणि या क्रियेला 'कॅटॅलिसिस' म्हटले. हे कसे घडते ते त्यालाही ठाऊक नव्हते. पण पंगत एक केली, हेच मला मोठे धाडस वाटते. पुढे १८९७ साली बुखनरने यीस्टच्या पेशी वाळूत घोटून रस पिळला. त्यात जिवंत पेशी नव्हती, तरी साखरेची दारू झाली!

उत्प्रेरक नवे गाव दाखवीत नाही. घाट चढण्याऐवजी बोगद्यातून नेतो, इतकेच. आपल्या रक्तातल्या कॅटॅलेज या एन्झाइमच्या गाभ्यात लोहाचे आयन असतात. लोहाचा साधा क्षार पाण्यात विरघळवला तरी तो पेरॉक्साइड फोडतो, पण रमतगमत. कॅटॅलेजचा एक रेणू सेकंदाला लाखो रेणू फोडतो.

मग प्रथिनाचे काम काय? घरीच पाहा. कच्च्या बटाट्याच्या चकतीवर पेरॉक्साइड टाका; फेस येईल. उकडलेल्यावर टाका, जवळजवळ काही होणार नाही. लोह उकडून नाहीसे होत नाही; मोडते ती त्याला नीट धरून ठेवणारी प्रथिनाची घडी.