लांडगा, दरबार आणि एक अक्षर

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवणारा म्हातारा मास्तर माणूस-लांडग्याच्या गोष्टी कधीपासून सांगायला लागला? झालं असं, की आमची नात मोबाइलवर एक कादंबरी वाचत होती. राजवाडा, पौर्णिमेची रात्र, लांडगा होणारा राजपुत्र, त्याच्यावर जीव टाकणारी मुलगी आणि पडद्याआडची कारस्थानं. "आजोबा, आपल्याकडे असं काही नाही का?" तिनं विचारलं. आम्ही म्हटलं, आहे की! गंगापूर रोडनं आनंदवल्लीला जाऊन ये.

आधी मूळ गोष्टीकडे वळू. बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीनं 'बिस्क्लाव्हरे' नावाचं कथाकाव्य लिहिलं. एक सरदार आठवड्यातले तीन दिवस लांडगा होतो. बायकोला हे कळतं, तेव्हा ती आपल्यावर भाळलेल्या एका वीराकडून नवऱ्याचे कपडे चोरवते. कपडे नाहीत म्हणजे माणूसपण परत नाही. पुढे राजा शिकारीत सापडलेला हा लांडगा दरबारी आणतो. एके दिवशी लांडगा त्या बाईचं नाक तोडतो. मग राजा तिचा छळ करवून कबुली घेतो आणि न्याय झाला असं ठरतं.

आपल्याकडे महाभारताच्या आदिपर्वात राजा कल्माषपाद आहे. अरुंद वाटेवर वसिष्ठपुत्र शक्ती समोर आला, वाट देईना, म्हणून राजानं त्याला चाबकानं मारलं. शापानं राजा नरभक्षक झाला. पण त्याच्या अंगात राक्षस घातला कोणी? विश्वामित्रानं, वसिष्ठांशी असलेल्या वैरापोटी. म्हणजे तिथंही श्वापदामागे राजकारण आहेच. आपल्या लक्षात मात्र श्वापद राहतं आणि राजकारण विसरलं जातं. आज आम्हाला सांगायचं आहे ते एवढंच.

आता नाशिक. आनंदवल्ली हे नाव राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंवरून पडलं. पुतण्याशी, म्हणजे थोरल्या माधवरावांशी बिनसलं की दादा इथं येऊन राहत. 1768 साली त्यांनी उघड बंड केलं. चांदवडजवळच्या धोडप किल्ल्यापाशी माधवरावांनी त्यांचा पराभव केला आणि पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. 1772 च्या नोव्हेंबरात माधवराव थेऊरला वारले. धाकटे भाऊ नारायणराव सतराव्या वर्षी पेशवे झाले. 30 ऑगस्ट 1773 रोजी, थकलेल्या पगाराचं निमित्त करून सुमेरसिंग वगैरे गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत जाऊन काकांना बिलगले आणि तिथंच कापले गेले.

यापुढची गोष्ट पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असते. दादांनी लिहिलं होतं 'नारायणरावास धरावे'. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला. 1826 साली ग्रँट डफनं आपल्या इतिहासात ही हकिकत नोंदवली, म्हणजे खुनानंतर 53 वर्षांनी. तो अक्षर बदललेला कागद मात्र आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही. तरी बाई राक्षसीण झाली ती झालीच. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' 1909 साली रंगभूमीवर आलं, तेव्हापासून तर तिची तुलना लेडी मॅकबेथशी होत आली आहे.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून दोनच प्रश्न विचारतो बरं का. पहिला: समजा, 'धरावे' हेच खरं. मग राज्याच्या पेशव्याला भाडोत्री शिपायांकरवी धरणं हा गुन्हा नाही? ही गोष्ट सांगता सांगता 'धरावे' आपल्याला निरुपद्रवी वाटायला लागतं, आणि काकांचा अर्धा अपराध एका अक्षरात विरघळून जातो. दुसरा: खुनानंतर पेशवाईची वस्त्रं कोणाला मिळाली? दादांना.

रामशास्त्री प्रभुण्यांनी काय केलं, ते याच्याशेजारी ठेवून बघा. ते श्वापद शोधत बसले नाहीत, त्यांनी माणसं शोधली. चौकशीत पन्नासाच्या आसपास माणसं गुंतलेली निघाली, त्यांत मुख्य अपराधी राघोबादादा. ते सत्तेवर असताना हे तोंडावर सांगून शास्त्रीबुवांनी पुणं सोडलं. एका कटाला किती हात लागतात, हे त्यांच्या चौकशीनं दाखवलं. लोककथेला मात्र एकच हात पुरला, तोही बांगड्यांचा.

याचा अर्थ आनंदीबाई निर्दोष होत्या असा आम्ही दाखला देत नाही. त्या महत्त्वाकांक्षी असतील, त्यांना कट ठाऊकही असेल. पण 'असेल' आणि 'आहे' यांत अंतर असतं, आणि ते राखणं हेच इतिहासाचं काम. पुढे दादा इंग्रजांकडे गेले, 1775 चा सुरतेचा तह झाला, युद्ध पेटलं. 1783 साली दादा वारले. बाई मुलांसह कोपरगावला नजरेखाली राहिल्या, 1793 मध्ये त्यांना आनंदवल्लीला आणलं आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. आपलंच नाव असलेल्या गावात त्या कैदी होत्या.

आता एक घरचं सांगतो आणि थांबतो. आमच्या लहानपणी घराची वाटणी झाली. मधल्या काकूंनी घर फोडलं, असं ऐकत आम्ही मोठे झालो. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा आम्ही पोरं धास्तीनं प्यायचो. चाळीस वर्षांनी जुन्या ट्रंकेत वाटणीपत्र सापडलं. त्याच्यावर सह्या चारही भावांच्या होत्या, आमच्या वडिलांचीही होती. काकूंची सही कुठेच नव्हती. तोवर त्या जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे माफी मागायला कोणी उरलं नव्हतं.

नातीला आम्ही म्हटलं, तुझी लांडग्याची गोष्ट खुशाल वाच. फक्त कोणी श्वापद झालं की एवढं विचार, त्याचे कपडे कोणी पळवले, आणि ते श्वापद आहे असं सांगण्यात कोणाचा फायदा होता.