काळ्या दगडाच्या आधीचं नागपूर

सीताबर्डीच्या टेकडीवर उभे राहा आणि पायाखालचा काळा बेसाल्ट उचलून बाजूला ठेवा. हा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. तुम्ही त्याच्याही थोडं आधी आलात. ऊन नागपूरचंच वाटतं, पण जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तळ्याकाठचा चिखल वाळून भेगाळलाय. गवतही दिसतंय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या अश्मीभूत शेणात गवताचे अंश सापडले, तेव्हा गवत इतकं जुनं आहे हे जगाला कळलं.

लांब मानेचे आयसीसॉरस पाण्यावर आलेत. आता हलू नका. मागून राजासॉरस हा मांसाहारी डायनासोर येतोय.

त्याची हाडं गुजरातेतल्या रहिओलीची. पण त्याच काळातले, लाव्हाच्या खालचे लमेटा खडक इकडेही आहेत, म्हणून त्याला इथे आणलं. डोकं आखूड, जबडा जड आणि कपाळाच्या मधोमध एकच बुटकं, गोलसर शिंग. भोसकायला ते निरुपयोगीच. ते छाप पाडायला असावं, किंवा टकरीला.

शिंग पाहून ट्रायसेराटॉप्स आठवला? तो उत्तर अमेरिकेतला शाकाहारी, कुळानं फार लांबचा. दोघांना शिंगं वेगवेगळी फुटली. राजासॉरसचा खरा भाऊबंद मादागास्करचा माजुंगासॉरस. त्याच्याही कपाळावर असंच एक शिंग. भारत आणि मादागास्कर सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी अलग झाले, पण नातं कवटीत टिकून राहिलं.

हे नातं नुसत्या शिंगावरून कळलं नसतं. मादागास्करच्या कवटीचा शिंगवाला तुकडा 1979 मध्ये चक्क जाड डोक्याच्या शाकाहारी डायनासोरचा ठरवला गेला होता; 1996 मध्ये जवळजवळ पूर्ण कवटी मिळाली तेव्हा चूक उमगली. आपल्या नागपूरच्या टाकळीचंही तेच. तिथल्या एका दाताला जीवाश्मतज्ज्ञ लायडेकरनं 1890 मध्ये मॅसोस्पॉन्डिलस या दक्षिण आफ्रिकी डायनासोरच्या खात्यात घातलं. तो दात मांसाहाऱ्याचा निघाला.

राजासॉरसच्या बाबतीत मात्र भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी 1982 ते 1984 दरम्यान हाडं गोळा करताना कोणतं कुठे पडलंय याचा नकाशा करून ठेवला. त्या नकाशाच्या आधारानंच कवटी, मणके आणि पाय एकाच प्राण्याचे म्हणून जुळवता आले, आणि 2003 मध्ये त्याचं बारसं झालं.

तेव्हा विहीर खोदताना काळ्या दगडाखाली हाडासारखं काही लागलं, तर ते ओढून काढू नका. आहे तिथेच राहू द्या, फोटो घ्या आणि सेमिनरी हिल्सवरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.