ऑर्गनच्या स्टॉप-खुंट्या : रचना, मांडणी आणि वादकांची पसंती

ऑर्गनवादक ज्या आसनासमोर बसून वादन करतो, त्या संपूर्ण भागास कन्सोल म्हणतात. हातांनी वाजवावयाच्या पट्ट्यांच्या रांगा, पायांनी वाजवावयाच्या पट्ट्या आणि स्वरांचा पोत बदलणाऱ्या खुंट्या अथवा कळा यांचा त्यात समावेश होतो. या खुंट्यांना 'स्टॉप' ही संज्ञा आहे. स्टॉप ओढल्याने नवा सूर वाजत नाही. नळ्यांच्या एका विशिष्ट संचाकडे हवेची वाट मोकळी होते, आणि मग पट्टी दाबली की त्या संचाचा आवाज उमटतो. पट्टी तीच, बोट तेच. परंतु आवाज बासरीसारखा असेल की कर्ण्यासारखा, हे खुंटी ठरवते.

खुंटीवर नावाबरोबर एक आकडाही कोरलेला असतो. ८ हा आकडा असल्यास स्वर लिहिल्याप्रमाणे वाजतो, ४ असल्यास एक सप्तक वर आणि १६ असल्यास एक सप्तक खाली. हा आकडा त्या संचातील सर्वांत खालच्या 'सी' स्वराच्या उघड्या नळीच्या फुटांतील लांबीवरून आलेला आहे. नवशिक्या वादकाने नावांआधी हे आकडे पाठ करावेत, असे आमचे मत आहे. नावे कारखान्यागणिक बदलतात, आकड्यांचा अर्थ बदलत नाही.

मांडणीच्या तीन प्रमुख पद्धती आढळतात. पहिली व सर्वांत जुनी पद्धत ओढावयाच्या गोल खुंट्यांची. इंग्लंडमधील मोठ्या ऑर्गनवर या खुंट्या पट्ट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या उभ्या फळ्यांवर बसवितात, आणि वादकाला दिसाव्यात म्हणून त्या फळ्या बऱ्याचदा तिरप्या ठेवतात. फ्रान्समध्ये आरिस्तिद काव्हाये-कोल (१८११-१८९९) यांनी पायऱ्यांसारख्या वळणदार ओळी पसंत केल्या. पॅरिसच्या सेंट सुल्पिस चर्चमधील त्यांचा १८६२ चा ऑर्गन पाच रांगांचा व शंभर स्टॉप्सचा. इतक्या खुंट्या वादकाच्या हाताच्या टप्प्यात राहाव्यात म्हणून त्या अर्धवर्तुळात रचलेल्या आहेत.

दुसरी पद्धत वरखाली कलणाऱ्या चपट्या कळांची. इंग्लंडचे रॉबर्ट होप-जोन्स (१८५९-१९१४) यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. पुढे ते अमेरिकेत गेले, १९१० मध्ये वुर्लिट्झर कंपनीशी जोडले गेले, आणि नाट्यगृहांतील ऑर्गनचा घोड्याच्या नालेसारखा, रंगीबेरंगी कळांनी भरलेला कन्सोल सर्वपरिचित झाला. तिसरी पद्धत अलीकडील इलेक्ट्रॉनिक वाद्यांतील, स्पर्शाने उजळणाऱ्या दिव्यांच्या बटणांची.

पसंतीचा वाद या तिन्हींमध्ये आहे व तो केवळ सवयीचा नाही. ओढलेली खुंटी सुमारे दोन बोटे पुढे येते. अंधुक प्रकाशातही कोणता संच चालू आहे हे डोळ्यांना व हाताला समजते. चपट्या कळांना जागा कमी लागते आणि हाताच्या एकाच फटकाऱ्याने चार-पाच कळा फिरविता येतात. मात्र कोणती कळ कललेली आहे हे दुरून चटकन दिसत नाही. दिव्यांची बटणे खिडकीतून थेट ऊन आल्यास वाचता येत नाहीत. मोठ्या ऑर्गनवर ही अडचण पिस्टन सोडवितो. पट्ट्यांच्या खालील लहान बटण अंगठ्याने दाबले की आधी ठरविलेल्या अनेक खुंट्या आपोआप बदलतात. हेन्री विलिस यांनी १८५१ च्या लंडन महाप्रदर्शनातील आपल्या ऑर्गनवर अशी बटणे बसविली होती.

आपल्या भागात हे सर्व कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये व बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, आणि खंडाळा-लोणावळा ही घाटमाथ्यावरची गावे मुंबईशी जोडली गेली. पाइप ऑर्गन पाहावयाचा तर मुंबईच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये जावे. लहान धर्मग्रामाला परवडणारे वाद्य म्हणजे पायपेटी, अर्थात रीड ऑर्गन. मराठी रसिकांना ती संगीत नाटकामुळे ओळखीची आहे. बालगंधर्वांच्या गाण्याला ऑर्गनची साथ असे, आणि पुढील काळात पं. गोविंदराव पटवर्धन यांनी हार्मोनियमबरोबर ऑर्गनवादनातही मोठे नाव मिळविले.

पायपेटीच्या खुंट्या पट्ट्यांच्या वर एका आडव्या रांगेत असतात. त्यांचे काम नळ्यांशी नसून पितळी स्वरपट्ट्यांशी आहे : खुंटी ओढली की स्वरपट्ट्यांवरील झडप उघडते. खालच्या व वरच्या स्वरांसाठी खुंट्या निरनिराळ्या असतात, त्यामुळे उजव्या हाताची चाल ठळक व डाव्या हाताची साथ मंद ठेवता येते. 'डायपेसन' ही मुख्य खुंटी. 'डल्सियाना' बहुधा त्याच स्वरपट्ट्यांवरील झडप थोडीशीच उघडते. 'व्हॉक्स ह्युमाना' ओढल्यास आतील लहान पंखा फिरून आवाजाला कंप येतो. गुडघ्याने सरकविण्याच्या दांड्या आवाज वाढवितात, त्यामुळे हात पट्ट्यांवरून काढावा लागत नाही. काही अमेरिकन कारखान्यांनी केवळ शोभेच्या, आत कशालाही न जोडलेल्या खुंट्याही बसविल्या होत्या! एखादी खुंटी ओढूनही फरक पडत नसल्यास वाद्य बिघडले आहे असे लगेच समजू नये.

मावळातील पाऊस मात्र खरा शत्रू आहे. दमट हवेत लाकूड फुगते व खुंटी अडकते. भात्याचे कापड व चामडे सैल पडते. झडपांवरील लोकरीला कसर लागते. अडकलेली खुंटी जोराने ओढल्यास आतील तार वाकते. ऑक्टोबरपर्यंत थांबून, पेटीची मागील फळी काढून, हवा खेळू द्यावी. खुंटीच्या पांढऱ्या चकतीवरील अक्षरे स्पिरिटने पुसू नयेत, ती निघून जाण्याचा धोका असतो. सुताराकडे पेटी देण्यापूर्वी खुंट्यांच्या क्रमाचे छायाचित्र अवश्य काढावे. जुनी पेटी फर्निचर म्हणून विकली जाते व तिच्या खुंट्या खणांच्या मुठी होतात, तेव्हा तो क्रम पुन्हा जुळविणे जवळजवळ अशक्य होते.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक संविधानातील १२० व्या कलमाने लॅटिन परंपरेत पाइप ऑर्गनला मोठा मान दिला आहे, व उपासनेस योग्य अशी इतर वाद्येही सक्षम अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारण्यास वाव ठेवला आहे. त्यामुळे पायपेटी दुरुस्त करावी की नवे इलेक्ट्रॉनिक वाद्य घ्यावे, हा निर्णय धर्मग्रामालाच करावा लागतो. नवे वाद्य घेताना त्यात किती आवाज आहेत याची मोजदाद दुय्यम समजावी. आपल्या नेहमीच्या वादकाला बाकावर बसवून स्तोत्राचे धृपद मंद आवाजात वाजवू द्यावे आणि लगेच शुभवर्तमानापूर्वीच्या आलेलूयासाठी पूर्ण आवाजाकडे वळण्यास सांगावे. मिस्सामध्ये या दोहोंमधील वेळ फार थोडा असतो. तेवढ्यात ज्या कन्सोलवर त्याला खाली वाकून बटण शोधावे लागत नाही, तोच त्या ख्रिस्तमंदिरासाठी घ्यावा.