गरिबाचें स्वतःचें दार : आउग्सबुर्ग येथील एका वसाहतीचा इतिहास

ज्युबिली म्हटली कीं घंटानाद, मिरवणूक व उपकारस्तुतीचा मिस्सा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु लेवीयाच्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय उघडून पाहिल्यास ज्युबिलीचा मूळ विधि निराळाच आढळतो. पन्नासाव्या वर्षीं प्रत्येकानें आपापल्या वतनावर व आपल्या कुटुंबांत परत जावें, अशी तेथें आज्ञा आहे. म्हणजे ज्युबिलीचा संबंध मुळांतच माणसाच्या घराशीं आहे. म्हणून ह्या शुभप्रसंगीं वृद्ध व दुर्बळ ह्यांच्या निवाऱ्याचा एक जुना इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जर्मनींतील आउग्सबुर्ग शहरीं याकोब फुग्गर नांवाचा एक धनाढ्य सावकार राहत असे. १५१९ सालीं पांचवा चार्ल्स सम्राटपदीं निवडून आला, तो बव्हंशीं फुग्गरच्या कर्जाच्या बळावर. ज्या दंडमोचनपत्रांच्या व्यवहारावरून ल्यूथरनें वाद उभा केला, त्यांतहि ह्याच्या पेढीचा हात होता. हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. दात्याचे दोष लपवून दानाचा महिमा वाढत नसतो.

ह्याच फुग्गरनें गरिबांसाठीं एक वसाहत बांधविली व २३ ऑगस्ट १५२१ रोजीं तिचें दानपत्र करून दिलें. १५२३ पर्यंत बावन्न घरें उभीं राहिलीं. तिला फुग्गराय म्हणतात. जे कष्ट करूनहि निर्वाह करूं शकत नाहींत, परंतु ज्यांस भीक मागण्याची लाज वाटते, अशा आउग्सबुर्गच्या कॅथलिक रहिवाशांसाठीं ती होती. वर्षाचें भाडें एक गुल्डन. शिवाय दात्याच्या व त्याच्या कुळाच्या आत्म्यांसाठीं रोज ‘आमच्या बापा’, ‘नमो मरिया’ व विश्वासांगीकार म्हणावयाचा.

आमच्या मतें ह्या वसाहतीचें मर्म तिच्या दारांत आहे. त्या काळीं निराधार म्हाताऱ्यांस धर्मशाळेच्या मोठ्या दालनांत रांगेनें खाटा मिळत. फुग्गरायमध्यें तसें नाहीं. प्रत्येक बिऱ्हाडास रस्त्यावर उघडणारें वेगळें दार. तळमजल्याच्या बिऱ्हाडास मागें छोटी बाग, माडीवरच्यास पोटमाळा. दारावरील घंटेच्या कड्या निरनिराळ्या आकारांच्या आहेत. रस्त्यांवर दिवे नसतांना अंधारांत हात लावून आपलें दार ओळखतां यावें, म्हणून तसें केल्याचें सांगतात. ज्याची दृष्टि मंदावली आहे, त्यास ही सोय केवढी मोलाची! परंतु माडीचा जिना थकलेल्या गुडघ्यांस अवघडच. तेव्हांची दृष्टि तेथवर पोहोंचली नव्हती.

संगीतकार मोझार्टचा पणजोबा फ्रांझ हा गवंडी आपल्या अखेरच्या वर्षांत, १६९४ पर्यंत, येथेंच राहिला. तीस वर्षांच्या युद्धांत स्वीडिश सैन्यानें वसाहतीची नासधूस केली. २५ व २६ फेब्रुवारी १९४४ च्या रात्रीं बाँबवर्षावानें तिचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. दोन्ही वेळां ती पुन्हां उभारली गेली. आज तेथें सुमारें दीडशें लोक राहतात, व त्यांत वृद्ध पुष्कळ आहेत. वर्षाचें भाडें, वीज व ऊब ह्यांचा खर्च वगळून, जुन्या गुल्डनच्या हिशेबानें अवघे ८८ सेंट आहे. प्रार्थनेची अटहि चालू आहे. खर्चाचा मोठा भाग संस्थेच्या जंगलांच्या उत्पन्नांतून भागतो.

पांचशें वर्षें ही वसाहत टिकली ती कशामुळें? दात्याची दया त्याच्याबरोबर १५२५ सालीं थडग्यांत गेली असती. परंतु त्यानें दयेला दानपत्राचें बंधन घातलें, तिच्यामागें कायमचें उत्पन्न ठेविलें, आणि नाममात्र कां होईना, भाडें घेतलें. त्यामुळें तेथील म्हातारी कोणाची आश्रित ठरत नाहीं. ती भाडेकरीण ठरते. भाडें देणाऱ्याची मान ताठ राहते.

प्रिय बंधुभगिनींनो, फुग्गरचें धन आपणांपाशीं नाहीं. परंतु मुलें परगांवीं गेल्यावर एकट्या राहिलेल्या आजी आणि उंबरा ओलांडतां न येणारे पांगळे बांधव कोणत्या पॅरिशींत नाहींत? त्यांना आपण सणासुदीला जेवण पोहोंचवितों, तें उत्तमच. त्यांच्या पायऱ्यांच्या जागीं उतार व भिंतीला धरावयास दांडा करून देणें, आणि ह्या कामीं दरवर्षीं ठराविक रक्कम बाजूस काढण्याचा नियम लेखी करून ठेवणें, हें मात्र अद्याप आपल्या हातून व्हावयाचें आहे. पुढील ज्युबिलीच्या स्मरणिकेंत त्या नियमाचा इतिहास लिहिण्याची संधि कोणास तरी मिळो, एवढेंच आम्ही प्रभूपाशीं मागतों.